मदत हवी आहे: हेल्थ एज्युकेशनच्या सरावाला ‘पेशंट’ कुठून आणायचा?

नमस्कार. जिल्ह्याच्या गावी नर्सिंग कॉलेजात शिकवते. नव्या सेमिस्टर अभ्यासक्रमात सिम्युलेशन (खऱ्या पेशंटआधी नकली प्रसंगात सराव) आलं, मॅनिकिन म्हणजे सरावाचे पुतळे आले. इंजेक्शन, कॅथेटर मुली त्यांच्यावर झकास करतात. अडतं ते डिस्चार्जच्या वेळी समजावून सांगताना. मॅनिकिन काही प्रश्न विचारत नाही!

सध्या समजावून सांगायच्या सरावाला इन्सुलिन हा विषय घेतलाय. एका मिलीत ४० युनिट असलेल्या व्हायलला (बाटलीला) लाल टोपणाची सिरिंज, १००ला नारिंगी. फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही. टोचायची जागा रोज बोटाच्या रुंदीएवढी सरकवायची. शुगर ७०च्या खाली गेली तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. सगळं तोंडपाठ. एका दमात म्हणून टाकतात आणि शेवटी, “समजलं ना मावशी?” मावशी ‘हो’ म्हणणारच.

वर्गातलीच मुलगी पेशंट केली तर ती आडवं काही विचारतच नाही, मैत्रिणीचे मार्क जातील ना! नाटकाची हौस असलेली असेल तर इतकी रडते की इन्सुलिन राहतं बाजूला. बाहेरची माणसं घेतली आहेत का कुणी? तयारी कशी करून घेता? मार्क कशाला देता?

प्रतिसाद १:
ताई, आमच्याकडे बचत गटातल्या बायका येतात. संवाद पाठ करायला देऊ नका, परिस्थिती द्या. घरात फ्रीज नाही, चष्मा फुटलाय, सुई सून टोचते, चतुर्थीचा कडक उपास. यातलं आपणहून काही सांगायचं नाही, विचारलं तरच. चष्म्याची चौकशी न करता सिरिंजच्या रेघा शिकवणारी मुलगी लगेच उघडी पडते. उपासाचं विचारलं नाही तर ते जास्त गंभीर, सुई घेऊन उपाशी राहिलं की शुगर फार खाली जाऊ शकते.

प्रतिसाद २:
‘समजलं ना’ला आम्ही शून्य देतो. “सुनेला कसं सांगाल? मला भरून दाखवा,” म्हणाली आणि चुकलेलं वेगळ्या शब्दांत सांगून परत करवून घेतलं, तर पूर्ण मार्क. शिवाय पेशंट झालेल्या बाईचं मतही घ्या, “हिच्याकडे मी परत आले असते का?” एवढंच विचारायचं. आणि त्यांच्यात खरंच कुणाला डायबेटिस आहे का, हे आधी बघा. मुलीने चुकीचं सांगितलेलं त्या घरी नेतील, म्हणून शेवटी बरोबर काय ते त्यांच्यासमोरच सांगून टाका.

मूळ धागाकर्ती:
हे लक्षातच आलं नव्हतं. चष्मा आणि उपास, दोन्ही घेते. बायकांना मानधन काय देता? प्राचार्यांना आकडा सांगावा लागेल.

प्रतिसाद १:
जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण. पण अर्धा दिवस लागतो, रोजगार बुडतो, तेवढा तरी मागून घ्या.