मदत हवी आहे: प्रीॲम्प पेडल लावूनही बँडमध्ये बेस ऐकूच येत नाही

खर्जातला
नमस्कार मंडळी. शनिवारी कार्यक्रम आहे आणि आज मंगळवार, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. दोन महिन्यांपूर्वी बेस गिटारसाठी प्रीॲम्प पेडल, म्हणजे ॲम्पच्या आधी आवाज घडवणारी डबी, घेतलं. घरी हेडफोनवर इतका भरदार आवाज येतो की थांबावंसंच वाटत नाही. बँडबरोबर वाजवायला लागलो की मात्र बेस गायब. आवाज वाढवला तर हॉलभर नुसतं घूं घूं, कुठला सूर लागलाय तेही कळत नाही. साउंडवाला येऊन कमी करायला सांगतो, आणि कमी केला की पुन्हा गायब. मागच्या कार्यक्रमाचं मेव्हण्यानं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं, त्यात दोन तासांत माझा एक सूर धड ऐकू येत नाही. सगळे नॉब फिरवून झाले. कुठला नॉब कुठे ठेवू तेवढं सांगा.

रात्रपाळी
पेडल कुठलं? बेस पॅसिव्ह की ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला)? पेडलमधून वायर ॲम्पला जाते की मिक्सरला? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

तारेवरचा
तारा किती जुन्या आहेत? बेसच्या तारा मेल्या की असंच होतं. नव्या सेटला पैसे घालू नका. तारा काढा, सैल गुंडाळा, पातेल्यात दहा मिनिटं उकळा, कोरड्या पुसा आणि परत चढवा. घाम आणि मळ निघून जातो, तार पुन्हा खणखणीत बोलते. मी कित्येक वर्षं हेच करतोय.

रात्रपाळी
उकळलेली तार आठवडा-दोन आठवडे बोलते, मग पुन्हा बसते. शिवाय त्यांचा प्रश्न तारांचा वाटत नाही, हेडफोनवर आवाज चांगला येतोय म्हणतात ना.

साधी_वायर
माझं मत स्पष्ट आहे. पेडल काढून ठेवा. १९६२ सालचा फेंडर प्रिसिजन बेस, जाड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा आणि उजव्या हाताचं एक बोट, एवढ्यावर जेम्स जेमरसननं डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची गाणी वाजवली, तीही थेट मिक्सरला जोडून. बोटातच आवाज असतो. आपल्याकडे पोरं आधी पेडल घेतात आणि मग सराव करतात, हे मला खरंच खुपतं.

खर्जातला
@साधी_वायर, सराव रोज दीड तास करतो. प्रश्न तो नाही.
@रात्रपाळी, पेडल जुन्या सॅन्सॲम्प पेडलच्या धर्तीवर बनवलेलं स्वस्तातलं आहे. ड्राइव्ह, प्रेझेन्स, ब्लेंड, ट्रेबल, बेस, लेव्हल असे सहा नॉब. बेस गिटार पॅसिव्ह, चार तारी. वायर नेहमीसारखीच लावलीय.

रात्रपाळी
नेहमीसारखी म्हणजे कशी? तेच तर विचारतोय.

खर्जातला
पेडलच्या आउटमधून ॲम्पच्या इनपुटला. आणि डीआयमधून, म्हणजे मिक्सरला सरळ जोडायच्या आउटपुटमधून, मिक्सरला. सगळे असंच लावतात ना?

मांडवीकाठ
नॉब सध्या कुठे आहेत? घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगा. आणि ॲम्पचे नॉब कुठे आहेत तेही.

खर्जातला
बेस तीनवर, ट्रेबल दोनवर, प्रेझेन्स एकवर, ड्राइव्ह अकरावर, ब्लेंड, म्हणजे मूळ आवाजात पेडलचा आवाज किती मिसळायचा ते, पूर्ण उजवीकडे. ब्लेंड कमी केला तर पेडल घेतल्याचा उपयोग काय? ॲम्पवर बेस आणि ट्रेबल थोडे वर, मिड, म्हणजे या दोन्हींच्या मधला आवाज, खाली. असं ठेवलं की घरी झकास वाटतं.

शिकवणी_संध्याकाळी
आता लक्षात आलं. थोडं सविस्तर लिहितो, कारण अगदी याच खड्ड्यात मी दोन वर्षं पडून होतो.

न्यूयॉर्कच्या टेक ट्वेंटीवनचं सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर १९९० च्या दशकात लोकप्रिय झालं आणि या घराण्याची पेडलं त्याच्या मागून आली. ट्यूब ॲम्प आणि त्याच्या कॅबिनेटपुढे (स्पीकरच्या खोक्यापुढे) ठेवलेला माइक, हा सगळा आवाज एका डबीत घडवून सरळ मिक्सरला द्यायचा, हे त्यांचं काम. त्या आवाजात मिड मुळातच खाली दबलेला असतो, आणि जुन्या घडणीत मिडचा नॉबच नाही. पुढे दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी मिडचा वेगळा नॉब दिला, ५०० किंवा १००० हर्ट्झ निवडायची सोय दिली. लोकांना ती उणीव जाणवत होती म्हणूनच दिली असणार.

आता तुमचं पाहा. सर्किटनं मिड एकदा खाली नेला. बेस आणि ट्रेबल चढवून तुम्ही दुसऱ्यांदा नेला. ॲम्पवर तिसऱ्यांदा. एकट्यानं ऐकताना हे गोड लागतं, खाली दणका आणि वर चमक. बँडमध्ये तो खालचा दणका ड्रमच्या किकमध्ये मिसळतो आणि वरची चमक झांजांमध्ये विरते. तुमचं म्हणून जे उरायला हवं होतं ते मध्ये होतं, आणि तेच तुम्ही काढून टाकलंत.

मेव्हण्याच्या मोबाइलचंही कारण हेच. खुली ई तार ४१ हर्ट्झवर असते, ए ५५, डी ७३, जी ९८. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ४१ वाजवता येत नाही, पुष्कळ हॉलमधल्या बॉक्सनाही ते नीट जमत नाही. तरी चांगला बेस मोबाइलवर ऐकू येतो, कारण ई वाजली की तिच्याबरोबर ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरांशही वाजतात आणि आपला कान त्यांवरून खालचा सूर ओळखतो. ते अंश स्पष्ट ठेवले तर सूर पोचतो. नुसतं खालचं वाढवलं तर घूं घूं.

सेटिंग: आधी ब्लेंड दहावर आणा. म्हणजे तुमच्या गिटारचा मूळ आवाज बराचसा तसाच जाईल आणि त्यात मिड शाबूत आहे. बेस बारावर, ट्रेबल बाराच्या किंचित खाली, प्रेझेन्स दहावर, ड्राइव्ह दहावर. खोलीत एकट्यानं ऐकाल तेव्हा हा आवाज थोडा नाकातला आणि कोरडा वाटेल. घाबरू नका, तसाच ठेवा.

पाचवी_तार
हे सगळं करण्यापेक्षा फिनलंडच्या डार्कग्लासचं बी-सेव्हन-के घ्या. मिडचे नॉब, ब्लेंड, डीआय, सगळं आहे. मी घेतलं आणि विषय संपला. स्वस्त पेडलमध्ये अडकू नका.

रात्रपाळी
शनिवारी कार्यक्रम आहे त्यांचा, आणि तुम्ही नवं पेडल घ्यायला सांगताय. बी-सेव्हन-के चांगलंच आहे, पण ते मेटलवाल्यांमध्ये गाजलं ते त्याच्या डिस्टॉर्शनमुळे. मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात त्यातलं अर्धं वापरलंही जाणार नाही.

पाचवी_तार
डिस्टॉर्शन वापरायलाच हवं असं नाही. ब्लेंड शून्यावर ठेवून नुसता ईक्यू (खालचा-मधला-वरचा आवाज कमी-जास्त करायला) म्हणून मी लावणीलाही वाजवलंय. ऐकल्याशिवाय बोलू नये.

रात्रपाळी
बरं. मूळ प्रश्नाकडे येऊ. @खर्जातला, पेडलचं आउट ॲम्पच्या इनपुटला लावताय ही दुसरी चूक. पेडलनं कॅबिनेटचा आवाज आधीच घडवलाय, तो तुम्ही ॲम्पच्या प्रीॲम्पमधून आणि खऱ्या कॅबिनेटमधून पुन्हा काढताय. ॲम्पच्या मागे एफएक्स रिटर्न नावाचं छिद्र असेल तर त्यात लावा, म्हणजे ॲम्पचा प्रीॲम्प आणि त्याचे नॉब बाजूला पडतील. पेडलची लेव्हल आधी शून्यावर ठेवा. काही ॲम्पमध्ये रिटर्नवर मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) चालत नाही, एकदम अंगावर येईल.

शिकवणी_संध्याकाळी
रिटर्नला माझा विरोध आहे. तिथेही कॅबिनेटची नक्कल खऱ्या कॅबिनेटमधून जातेच. जुन्या सॅन्सॲम्पवर पॅरलल आउट नावाचं छिद्र असतं, त्यातून गिटारचा मूळ आवाज काहीही न होता बाहेर पडतो. ते ॲम्पला द्या आणि डीआय मिक्सरला. म्हणजे स्टेजवर ॲम्प स्वतःचा आवाज देईल, लोकांना पेडलचा जाईल, आणि एक बिघडला तर दुसरा शाबूत राहील.

खर्जातला
माझ्या पेडलवर ते छिद्र आहे! मी ते ट्यूनरसाठी असतं समजून कधी वापरलंच नाही.

मांडवीकाठ
ट्यूनरलाही चालतं, चूक काही नाही.
मला एक वेगळंच विचारायचंय. बँडमध्ये आणखी कोण कोण आहे? ड्रम आहेत की ऑक्टोपॅड? ढोलकी? कीबोर्ड? इकडे गोव्यात लग्नात वाजवताना आणि तियात्रच्या बँडमध्ये बेस नेमका कशात बुडतो ते मी पुष्कळदा पाहिलंय.

खर्जातला
ऑक्टोपॅड, ढोलकी-तबला एकच जण वाजवतो, कीबोर्ड, गिटार, दोन गायक. नेहमीचंच.

मांडवीकाठ
कीबोर्डवाल्यांचा डावा हात कुठे असतो?

खर्जातला
डाव्या हातानं ते बेस वाजवतात. मी येण्याआधी बँडमध्ये बेस गिटार नव्हतीच, वीस वर्षं दादाच ते सांभाळताहेत. पण त्याचा पेडलशी काय संबंध?

मांडवीकाठ
अहो, सगळा संबंध तोच आहे! एकाच सप्तकात दोघं बेस वाजवताय. ते एक सूर धरतात, तुम्ही त्याच्या आसपास चालता, आणि दोन्ही मिळून गढूळ होतं. त्यात डग्ग्याची घूम आणि ऑक्टोपॅडची किक. हे सगळं साधारण १५० हर्ट्झच्या खाली गर्दी करून बसलंय. जगातलं कुठलंही पेडल तिथे तुम्हाला जागा करून देणार नाही. दादांना डावा हात एक सप्तक वर न्यायला सांगा, नाहीतर नुसते कॉर्ड उजव्या हातानं धरायला सांगा.

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीत आम्हाला हीच अडचण आली होती. आमच्याकडे कीबोर्डवर स्प्लिट लावलेला असायचा, खालच्या अर्ध्या पट्ट्यांवर बेसचा आवाज. तो स्प्लिट काढला आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमचा बेसवाला ऐकू आला. बाकी कुणी कुठला नॉब हलवला नव्हता.

साधी_वायर
मी पहिल्यापासून म्हणतोय ना, पेडलचा दोष नाही आणि गुणही नाही.

शिकवणी_संध्याकाळी
तुम्ही पेडल काढायला सांगत होतात, हे त्याहून वेगळं आहे. पॅसिव्ह बेस लांब वायरनं थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला तर वरचा सगळा आवाज मरतो, कारण गिटारच्या पिकअपला (तारांचा कंप पकडणाऱ्या भागाला) साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो आणि लाइन इनपुट त्यामानानं फारच कमी असतो. मोटाउनमध्येही मध्ये डायरेक्ट बॉक्स, म्हणजे गिटारचा आवाज मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी, होताच. पेडलमधला डीआय तेच काम करतो. म्हणून पेडल राहू द्या, फक्त त्याच्याकडून भलतं काम करून घेऊ नका.

साधी_वायर
डायरेक्ट बॉक्सचं मान्य. तो हवाच.

खर्जातला
बुधवार रात्र. आज तालीम झाली. पॅरलल आउट ॲम्पला, डीआय मिक्सरला, नॉब @शिकवणी_संध्याकाळी यांनी सांगितले तसे. जोडताच मोठा हम आला. पेडलवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं आणि तो गेला. एकट्यानं वाजवताना आवाज अजिबात आवडला नाही, घेतलेलं पेडल वाया गेलं असंच वाटलं. मग सगळ्यांबरोबर सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत मला स्वतःचा प्रत्येक सूर ऐकू येत होता. गायिकेनं मागे वळून पाहिलं. मोबाइलवर रेकॉर्ड केलं, त्यातही ऐकू येतंय.
पण दादांचा डावा हात सुरू झाला की अजून गढूळ होतं. त्यांना कसं सांगू कळत नाही. वयानं वडिलांएवढे आहेत, मला बँडमध्ये त्यांनीच घेतलं. उद्या शेवटची तालीम.

मांडवीकाठ
सांगू नका, ऐकवा. एकच गाणं दोनदा रेकॉर्ड करा, एकदा त्यांच्या डाव्या हातासकट आणि एकदा त्याशिवाय. मग त्यांनाच विचारा की दादा, यातलं कुठलं ठेवायचं. आणि एखाद्या गाण्यात तुम्ही थांबा, बेस त्यांना वाजवू द्या. वीस वर्षं वाजवलेली जागा आहे ती.

तारेवरचा
तारांचं काय केलंत? नव्या टाकल्या का?

खर्जातला
तारा तीन महिन्यांच्याच आहेत, तशाच ठेवल्या.
आत्ता तालमीहून आलो. दोन्ही रेकॉर्डिंग दादांना ऐकवली. त्यांनी हेडफोन लावून तीनदा ऐकली, काही बोलले नाहीत. मग कीबोर्डचा स्प्लिट स्वतःच काढला. पहिली दोन गाणी डावा हात मांडीवर ठेवून वाजवली. तिसऱ्यात सवयीनं खाली आला, तेव्हा माझ्याकडे बघून त्यांनी तो उचलून वरच्या सप्तकात नेला. भैरवीला बेस ते वाजवणार आहेत, मी नुसता त्यांच्या शेजारी उभा राहीन.
एक शेवटचं विचारतो. पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवू की ॲडाप्टरवर? शनिवारी तीन तास आहेत.

रात्रपाळी
ॲडाप्टर. त्याच्या पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह आहे ना तेवढं तपासून घ्या. आणि नवी बॅटरी खिशात असू द्या.