मदत हवी आहे: देवाशी समेट झाला, मग घरच्या भांडणाचं काय?

प्रभूमध्ये सलाम, मंडळी.

आमच्या तरुण संघात सध्या बायबलमधल्या २ करिंथ ५:१८-२१ वर (प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र) अभ्यास चालू आहे. पौलाचा मुद्दा मुलांना पटतो: समेटासाठी पहिलं पाऊल देवानं उचललं, ख्रिस्ताच्या द्वारे, आणि आपले अपराध आपल्या हिशेबी धरले नाहीत. त्याचंच रोमकरांना लिहिलेलं पत्र (रोम ५:१०) तर सांगतं की आपण शत्रू असतानाच हे झालं. म्हणजे आपली कमाई काहीच नाही.

पण एका मुलीनं मत्तयाच्या शुभवर्तमानातले येशूचे शब्द (५:२३-२४) काढले. वेदीजवळ अर्पण ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. जमिनीच्या वाटणीवरून तिच्या वडिलांचं आणि काकांचं बोलणं बंद आहे. दोघं एकाच चर्चमध्ये, वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि प्रभुभोजनही (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) घेतात. तिनं विचारलं, "मग यांचा देवाशी समेट झालाय की नाही?"

मला वाटतं, माणसांशी समेट हे देवाशी झालेल्या समेटाचं फळ आहे, अट नाही. पण मत्तयातला तो 'आधी' मला सोडत नाही. आणि काका बोलायलाच तयार नसतील तर? पाळकांनी, जाणत्यांनी कृपया सांगा, तिला काय उत्तर देऊ? पुढच्या रविवारी ती पुन्हा विचारणारच.