ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वर्गांसाठी सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) किंवा अनुदान: छोट्या संस्थेनं सुरुवात कुठून करावी? (वाळवा, जि. सांगली)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आमची संस्था २०१९ ची, वाळवा तालुक्यातली. सोसायटी आणि ट्रस्ट अशा दोन्ही नोंदण्या आहेत, ऑडिट दरवर्षी होतं. वर्षाची उलाढाल दोन-सव्वादोन लाख, तीही वर्गणी आणि वाढदिवसाच्या देणग्यांवर. गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) मुलांचे दोन वर्ग चालतात. पुढच्या हंगामात चार करायचे आहेत, त्यातले दोन कराड तालुक्यात. खर्च सहा-साडेसहा लाखांवर जातोय. १२ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या दोन्ही नोंदण्या तात्पुरत्या मिळाल्या आहेत.

विचारायचं असं: कागदपत्रांत आणखी काय लागेल? साखर कारखान्याकडे मागावं की कंपनीकडे? वर्गावर शिकवणाऱ्या ताईंचं मानधन प्रस्तावात टाकलं की कंपन्या नाक मुरडतात म्हणे, खरं आहे का? एका सभासदाचा भाऊ अमेरिकेत आहे, तो दोन लाख द्यायला तयार आहे. आणि एक गृहस्थ म्हणतात, दहा टक्के द्या, सीएसआर आणून देतो. मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस_मिरज

ताई, प्रस्तावाचं नंतर. आधी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा (विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा) ताजा उतारा काढा आणि त्यावर विश्वस्तांची नावं कोणाची आहेत ते बघा. छोट्या संस्थांचं घोडं सगळ्यात जास्त इथंच अडतं. निवडणूक होते, इतिवृत्तात नवीन मंडळ येतं, बँकेत सह्याही बदलतात. पण सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खालचा बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो तो राहून जातो. मग उताऱ्यावर जुनेच लोक, त्यातला एखादा वारलेला. कंपनीचा तपासणीवाला उतारा, पॅनची माहिती, बँकेचं पत्र आणि दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची नावं शेजारी शेजारी ठेवतो. चारही जुळली नाहीत की फाईल बाजूला. उशीर झाला असेल तर विलंब माफीच्या अर्जासह बदल अर्ज आजच लावा, त्याला महिने लागतात.

दुसरं, घटना काढून कार्यक्षेत्र वाचा. ‘वाळवा तालुका’ एवढंच लिहिलं असेल तर कराडचे दोन वर्ग कागदावर कार्यक्षेत्राबाहेर जातात, आणि कराड तर सातारा जिल्ह्यात. अनेक घटनांमध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ असतं, तसं असेल तर प्रश्न मिटला. उद्देशांतही ‘शिक्षण’ स्वच्छ शब्दांत हवं. ‘सर्वांगीण विकास’ असं मोघम लिहिलेलं कंपनीच्या वकिलाला पुरत नाही.

१२ए-८०जी बद्दल. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तरी बोलताना सगळे जुनेच म्हणतात.) तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते. नियमित नोंदणीचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. तुमचे वर्ग तर चालूच आहेत, म्हणजे ‘अजून वेळ आहे’ असं धरून बसू नका. सी.ए.ना याच आठवड्यात विचारा.

हे झाल्यावर सीएसआर-१, म्हणजे सीएसआरचं काम घेण्यासाठी संस्थेनं केंद्राच्या कंपनी खात्याकडे करायची नोंदणी. १ एप्रिल २०२१ पासून या नोंदणीशिवाय कंपनी तुमच्यामार्फत सीएसआरचा पैसा खर्च करू शकत नाही. फॉर्म ऑनलाइन आहे. पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सी.ए. किंवा कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणन लागतं, नंबर लगेच मिळतो. दर्पणचा आयडी सरकारी अनुदानाला लागतोच, कंपन्याही मागतात. शिवाय तीन वर्षांची ऑडिट झालेली पत्रकं, आयकर विवरणं आणि कार्यकारी मंडळाचा ठराव. ठरावात कोणाकडे, किती रकमेसाठी, कशासाठी आणि सह्या कोणाच्या हे चारही असू द्या.

शिरवळ_ते_फलटण

कारखाना की कंपनी, याचं उत्तर कायद्यातच आहे. सीएसआर हे कंपनी कायद्याच्या कलम १३५ चं बंधन. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी मागच्या आर्थिक वर्षात गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. सहकारी साखर कारखाना कंपनी नाही, सहकार कायद्याखालची संस्था आहे, त्याला हे कलम लागू नाही. खासगी कारखाना कंपनी आहे, त्याला लागू होऊ शकतं. तेव्हा सहकारीच्या कार्यकारी संचालकांना ‘तुमचा सीएसआर आम्हाला द्या’ असं पत्र लिहू नका, पहिल्या ओळीतच हसं होतं.

पण सहकारी कारखान्याकडे जे आहे ते कंपनीकडे नाही. शेती विभागाकडून टोळ्यांची यादी, कोणता अड्डा (टोळीचा मुक्काम) कुठल्या गटात पडणार हे, कोप्यांजवळची जागा, पाणी, विजेचं कनेक्शन. हे लेखी पत्रावर घ्या आणि प्रस्तावाला जोडा. स्थानिक सहभाग म्हणून त्याचं वजन पडतं.

कंपन्या शोधताना मोठ्या नावांच्या मागं लागू नका. त्यांच्याकडे ढिगानं अर्ज येतात आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्था रांगेत असतात. ज्या कंपनीची सीएसआरची रक्कम वर्षाला ५० लाखांच्या आत आहे तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे कूपवाड-मिरज, पलूस, कराड, शिरवळ या पट्ट्यांतल्या मधल्या आकाराच्या कंपनीत तुम्ही थेट मालकाशी किंवा फायनान्स बघणाऱ्या माणसाशी बोलता. कायदाही स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हणतो. कंपनीच्या वार्षिक अहवालात सीएसआरचं परिशिष्ट असतं. २०२२ च्या बदलाआधी त्यात प्रकल्प, जिल्हा, रक्कम, कोणत्या संस्थेमार्फत, सगळं छापावं लागायचं; आता तिथं बहुधा एकूण आकडेच असतात, म्हणून जुने अहवाल आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचे मंजूर प्रकल्पही बघा. मागच्या दोन वर्षांत ‘सांगली’ किंवा ‘सातारा’ आणि ‘शिक्षण’ दिसलं तरच वेळ घाला. दहा कंपन्यांना एकच छापील प्रस्ताव पाठवण्यापेक्षा अशा तीन निवडा.

आता वेळेचं, कारण तुमच्या कामात खरी गोची इथंच आहे. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, तुमचं दिवाळी ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत. ऑक्टोबरात अर्ज केला तर तपासणी, बैठक, करार यात माघ उजाडतो आणि पैसे येतात तेव्हा टोळ्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात. अर्ज मे-जूनमध्ये गेला पाहिजे, करार सप्टेंबरपर्यंत.

उलटही होतं. जानेवारी-फेब्रुवारीत अचानक फोन येतो, पाच लाख आहेत, मार्चआधी खर्च दाखवा. कंपनीनं संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे तिचा खर्च झाला असं धरलं जात नाही, संस्थेनं ते प्रत्यक्ष वापरावे लागतात. म्हणून ही घाई. अशा वेळी दप्तरं-वह्यांची खरेदी करून आकडा भरू नका. कंपनीला सांगा, संचालक मंडळाकडून हा ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. मग उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत त्यांच्या वेगळ्या ‘अनस्पेंट’ (न खर्चलेल्या रकमेच्या) खात्यात जाते आणि पुढच्या हंगामाला वापरता येते. सुरू केलं ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालू प्रकल्प चालू शकतो. कंपनीच्या माणसालाही हे कधी कधी माहीत नसतं.

कोयनाकाठ

मानधनाचं ऐकीव आहे ते अर्धवट आहे. सीएसआर नियमात ‘प्रशासकीय खर्च ५ टक्के’ ही मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला. प्रकल्प राबवताना, देखरेख करताना होणारा थेट खर्च त्यात धरत नाहीत. वर्गावरच्या ताईचं मानधन हा प्रशासकीय खर्च नव्हेच, तोच तर प्रकल्प आहे. तुम्हीच ते ‘कर्मचारी खर्च’ या मथळ्याखाली एकगठ्ठा लिहिता, मग समोरचा कात्री लावतो.

उदाहरणादाखल चार वर्ग, प्रत्येकी २५ मुलं असं धरू. ताई चार, महिना ९,०००, सहा महिने: २,१६,०००. समन्वयक एक, १४,००० प्रमाणे आठ महिने: १,१२,०००. आठ का, तर दिवाळीआधी कोप्यांचं सर्वेक्षण आणि शेवटी अहवाल. हे दोन महिने सगळे विसरतात आणि मग सचिव फुकट राबतो. त्याचं पेट्रोल महिना २,५०० प्रमाणे २०,०००. खाऊ रोज १२ रुपये, १०० मुलं, १३० दिवस: १,५६,०००. पुस्तकं-वह्या-पाटी मुलामागं ६०० प्रमाणे ६०,०००. ताडपत्री, सतरंज्या, फळा, सोलर दिवा वर्गामागं ९,००० प्रमाणे ३६,०००. प्रशिक्षण पाच जणांचं, पाच दिवस, दिवसाला ३००: ७,५००. हिशेब, ऑडिट, बँक ३०,०००. बेरीज ६,३७,५००, मुलामागं ६,३७५. प्रत्येक आकडा असा गुणाकारात दिसू द्या. ‘शैक्षणिक साहित्य ६०,०००’ एवढंच लिहिलं की घासाघीस होते, ‘६०० × १००’ लिहिलं की ६०० कसे असं विचारतात आणि तुम्ही यादी पुढं करता. कारखान्यानं दिलेली जागा-वीज, तुमची वर्गणी हे वेगळ्या रकान्यात दाखवा. पूर्ण रक्कम एकाकडूनच मागणाऱ्या नवख्या संस्थेला कंपनी कचरते. तुमची उलाढाल सव्वादोन लाखांची आहे, तिला एकदम साडेसहा लाख कोणी देणार नाही. तीन-साडेतीन मागा, दोन वर्गांसाठी, आणि बाकीचे दोन दुसरीकडून.

पण बजेटच्या आधी एक प्रश्न येणार आहे, त्याचं उत्तर प्रस्तावाच्या पहिल्या पानावर पाहिजे: शिक्षण हक्क कायदा असताना ही मुलं जिल्हा परिषद शाळेत का नाहीत? ‘शाळा लांब आहे’ एवढ्यावर भागत नाही. वयानुरूप वर्गात प्रवेश हा त्यांचा हक्क आहे आणि गावाकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन आलेली मुलंही असतात. त्यामुळे कोपीवर दिवसभर वेगळी शाळा अशी मांडणी कमकुवत ठरते. शाळेत दाखल करणं, तिथवर पोचवणं आणि संध्याकाळी कोपीवर अभ्यासवर्ग अशी मांडणी करा. केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र जोडा.

आणखी एक बारकी गोष्ट. आईबाप पहाटे फडात गेले की नऊ-दहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन कोपीपुढं भांडी घासत असते. ती वर्गात यायची असेल तर तिच्याबरोबर ते दोन वर्षांचं लेकरूही येणार. त्याची सोय, म्हणजे एक जास्तीची सतरंजी, खेळणी, एक मदतनीस किंवा अंगणवाडीशी जोडणी, प्रस्तावात नसेल तर पटावर मुली दिसतील आणि वर्गात दिसणार नाहीत. माझ्या यादीत मदतनीस धरलेली नाही, तुमच्या वस्तीप्रमाणे धरा.

आणि ‘१०० मुलं शिकतील’ असं वचन देऊ नका. टोळी अर्ध्या हंगामात दुसऱ्या गटात हलते, मुलं बदलतात. त्याऐवजी मोजमाप असं ठेवा: किती मुलं ६० पेक्षा जास्त दिवस आली, किती शाळेत दाखल झाली, सुरुवातीला अक्षर-शब्द-उतारा यात कुठं होती आणि जाताना कुठं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. उतारा काढला. त्यावर एक नाव जुनंच आहे, बदल अर्जाचं काम वकिलांकडे दिलं. अमेरिकेतल्या भावाचं आणि दहा टक्क्यांचं राहिलं. शिवाय पैसे एकदम मिळतात की हप्त्यानं?

हिशेबनीस_मिरज

भावाचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गानं पाठवत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी, तो विदेशी स्रोत. मग एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. नोंदणीला तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च लागतो, तुमची संस्था त्यात आज बसत नाही. एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेकडून वळते करून घेऊ असंही कोणी सुचवेल. २०२० च्या दुरुस्तीनंतर तेही बंद आहे. पासपोर्टची प्रत आणि देणगीचं पत्र फाईलला लावूनच पैसे घ्या.

दहा टक्केवाल्याला नमस्कार करा. ते कमिशन हिशेबात कुठल्या नावानं टाकणार? खोटं बिल करावं लागतं, आणि ऑडिटला तेच सापडतं. काही जण तर पैसे खात्यात घेऊन मोठा भाग रोखीनं परत द्या म्हणतात. त्यात नोंदणी जाते आणि फौजदारी वेगळी. प्रस्ताव लिहून देणाऱ्याला ठरावीक फी चेकनं द्या, मंजुरी मिळो न मिळो, त्यात वावगं काही नाही.

शिरवळ_ते_फलटण

हप्त्यानंच. बहुतेक करार ४०-४०-२० किंवा ५०-३०-२० असे असतात. शेवटचा हप्ता अहवालानंतर येतो, म्हणजे तेवढे दिवस मानधन तुमच्या खिशातून. करार करताना पहिला हप्ता ऑक्टोबरात आणि ५० टक्के असा मागून घ्या, साहित्य आणि ताडपत्र्या सगळ्या सुरुवातीलाच लागतात हे कारण पटतं.

दुसऱ्या हप्त्याआधी सी.ए.चं विनियोग प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्चले त्याचा दाखला) लागतं, त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा ओळख नंबर असतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून प्रकल्पाची वेगळी खातेवही, जमलं तर वेगळं बँक खातं. मानधन बँकेतूनच. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिली की आयकरात तो खर्च धरला जात नाही. किराण्याच्या बिलावर संस्थेचं नाव, तारीख आणि वर्गाचं नाव लिहून घ्या. गावच्या दुकानदाराकडं छापील बिलबुक नसतं, त्याला आधीच सांगून ठेवा. एका मथळ्यातून दुसऱ्यात पैसे वळवायचे झाले तर आधी ई-मेलनं परवानगी, करारात बहुधा १० टक्क्यांपर्यंत मोकळीक असते. मुलांचे फोटो पाठवण्याआधी पालकांची संमती, अंगठा चालेल. एका टोळीची संमती मुकादमाकडून घेऊन भागत नाही, प्रत्येक घराची वेगळी घ्या.

हिशेबनीस_मिरज

जोड एकच. ज्या देणगीदारांना ८०जी पावती देता त्यांची यादी ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरावी लागते, उशिराला रोज २०० रुपये. २,००० च्या वर रोख देणगीला सवलत मिळत नाही, वाढदिवसवाल्यांना यूपीआय करायला सांगा.