चार काळी पिल्लं हुबेहूब सारखी, खूण कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ राहतो. आमची गावठी कुत्री पडवीत व्याली, सहा पिल्लं आहेत, आज नववा दिवस. दोन तपकिरी आहेत, ती ओळखता येतात. उरलेली चार मात्र नखशिखांत काळी, कुठेही पांढरा ठिपका नाही. त्यांत दोन नर, दोन माद्या, म्हणजे खरा गोंधळ जोडीजोडीत आहे.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो. काळ्या माद्यांपैकी एकीचं वजन वाढत नाहीये असं वाटतं, पण कालची हलकी तीच आजची का, हेच सांगता येत नाही. तिला वेगळं दूध पाजायचं तर आधी ती नक्की कोण हे कळायला हवं. शिवाय दोन आठवड्यांनी जंताचं औषध सुरू होईल, तेही वजनावर. एकाला दोनदा आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होऊन चालणार नाही.

लोकरीचे रंगीत धागे बांधून पाहिले. आईने दोन कुरतडले, आणि तिसरा दोन दिवसांत गळ्याला घट्ट झालेला दिसला. जीव घाबरला, सगळे काढले. मार्करची खूण चाटून आणि या पावसाळी दमटपणात दिवसभरही टिकली नाही. नखांना नेलपॉलिश लावायला मन धजत नाही, आई सतत चाटते.

आई आम्हाला पिल्लं हाताळू देते. आता कात्रीने प्रत्येकाचे थोडे केस वेगवेगळ्या जागी कापावेत असा विचार आहे. कुणी केलंय का? इतक्या लहान पिल्लांच्या अंगावर नेमके कुठे कापावेत, आणि ती खूण किती दिवस ओळखू येते?