छोट्या जागेत पहिल्यांदा लाइव्ह बँड ऐकले, पुन्हा जायचंय. उभं कुठे राहायचं आणि कानांचं काय करायचं?

उशिराची_गाडी:
आत्तापर्यंत लाइव्ह म्हणजे मला मोठ्या मैदानातले कार्यक्रमच माहीत होते, स्टेज इतकं लांब की गाणारा माणूस पडद्यावरच बघायचा. परवा मैत्रिणीने एका छोट्या हॉलमध्ये ओढून नेलं, जेमतेम शंभर माणसं मावतील एवढी जागा, स्टेज म्हणजे गुडघ्याएवढा ओटा, एकामागून एक तीन बँड, सगळे स्वतःची गाणी वाजवणारे, मी एकाचंही नाव आधी ऐकलेलं नव्हतं. मी सरळ पुढे जाऊन उभी राहिले. गिटारवाल्याच्या पायाशी चिकटपट्टीने लावलेला कागद होता, त्यावर मार्करने लिहिलेली गाण्यांची नावं मला वाचता येत होती, इतकी जवळ.

दुसऱ्या बँडच्या चौथ्या गाण्यात त्याची तार तुटली. मला वाटलं झालं, थांबणार आता. पण बासवाली आणि ड्रमवाला थांबलेच नाहीत, तोच तुकडा गोल गोल फिरवत राहिले, जरा हळू आवाजात, एकमेकांकडे बघत, आणि तेवढ्यात तिसऱ्या बँडमधली एक मुलगी कडेने स्वतःची गिटार घेऊन आली आणि त्याच्या गळ्यात घातली, पट्टा आखूड होता त्यामुळे गिटार पार छातीपाशी आली होती, ती तशीच ठेवून त्याने जिथे सोडलं होतं तिथूनच गाणं उचललं. अख्खा हॉल ओरडला. तीन दिवस झाले, ते डोक्यातून जात नाहीये.

आता पुढच्या शनिवारी तोच बँड परत आहे आणि मैत्रीण येत नाहीये. तर मला विचारायचंय की एकटीने जाणं विचित्र दिसतं का, आणि मी एवढी पुढे असून मला गाण्याचे शब्दच कळले नाहीत, नुसते ड्रम आणि गिटार, तर चूक माझी का साउंडवाल्याची, आणि घरी आल्यावर कानाला दडे बसले होते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बारीक कुईंऽऽ चालू होतं, ते नॉर्मल असतं का? आणि एक तार तुटली तर उरलेल्या पाचांवर वाजवता येत नाही का?

फेडर:
साउंड करतो म्हणून लिहितोय. चूक तुझी नाही आणि बहुतेक त्याचीही नाही. छोट्या जागेत ड्रम आणि गिटारचा अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, यांचा आवाज थेट स्टेजवरूनच येतो, तो स्पीकरमधून यायची गरजच नसते. गाण्याचा आवाज मात्र फक्त दोन बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून येतो आणि ते प्रेक्षकांकडे तोंड करून, स्टेजच्या जरा पुढे लावलेले असतात. तू अगदी पुढे मधोमध होतीस म्हणजे जवळजवळ त्या स्पीकरच्या मागे होतीस. तुझ्या वाट्याला अँप आला, गाणारा आलाच नाही.

लोक मला येऊन सांगतात की गाणं वाढव. वाढवतो, पण तो माईक नुसतं गाणाऱ्याला ऐकत नाही, मागचे झांजांसारखे सिम्बल पण ऐकतो आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून जमिनीवर जो मॉनिटर नावाचा स्पीकर ठेवलेला असतो तो पण ऐकतो, मग एका मर्यादेनंतर स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा परत स्पीकरमध्ये असं चक्र सुरू होतं आणि ती कानात घुसणारी शिटी येते. मिक्सर म्हणजे मी ज्याच्यावर सगळ्या माईकचे आवाज कमीजास्त करतो ते यंत्र, आणि जो ड्रम मिक्सरमधून येतच नाहीये तो मी मिक्सरवर कमी कसा करणार? तेव्हा बँडलाच विनवावं लागतं की अँप जरा खाली घ्या, तिरका ठेवा. समजूतदार बँड ऐकतात.

त्यात भर म्हणजे साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघणं, रिकाम्या हॉलमध्ये होतो. माणसं भरली की कपडे आणि अंगं वरचा, धारदार आवाज शोषून घेतात आणि संध्याकाळी जे छान वाटत होतं ते रात्री निराळंच ऐकू येतं. म्हणून पहिल्या बँडचं पहिलं गाणं मी हात फेडरवर, म्हणजे मिक्सरच्या सरकत्या बटणांवर, ठेवूनच काढतो.

तू मिक्सरच्या आसपास उभी राहा, थोडी पुढे किंवा बाजूला. तिथे जे ऐकू येतंय त्यावरूनच आम्ही सगळं ठरवत असतो. फक्त मागच्या भिंतीला टेकू नकोस आणि कोपऱ्यात तर नकोच, तिथे बास, म्हणजे खालचा जाड आवाज, गोळा होतो आणि सगळं घुम्म होऊन बसतं.

डावखुरा_ड्रम:
फेडर दादाचं बरोबर आहे पण मी म्हणेन निदान एक बँड तरी पुढूनच बघ. तू जे बघितलंस ना, ते दोघं एकमेकांकडे बघत तुकडा फिरवत होते, ते मिक्सरपासून दिसलं नसतं. माझ्या बासवाल्याने हनुवटी जरा वर केली की मला कळतं अजून चार वेळा, आणि खाली केली की पुढे चल. हे आम्ही कधी बोलून ठरवलेलं नाही, वाजवून वाजवून झालंय.

तारेचं सांगतो. काही गिटारींचा ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तो भाग, तरंगता असतो, एका बाजूने तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूने मागच्या स्प्रिंगा, त्यांचा तोल साधलेला असतो. एक तार गेली की तो तोल जातो, स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा एकदम वरच्या सुरात जातात. वाजवता येतं पण सगळं बेसूर. ब्रिज घट्ट बसवलेला असेल तर लोक पाच तारांवर गाणं संपवतात, मी बघितलंय. त्याची गिटार पहिल्या प्रकारची असणार, म्हणून तो लगेच थांबला.

आणि ती मुलगी आली ना गिटार घेऊन, तिच्याबद्दल मला जाम आदर आहे. तिला पुढे स्वतःचा सेट वाजवायचा होता, ट्यून करून ठेवलेली गिटार दुसऱ्याला देणं सोपं नाही.

अजून एक, पहिला बँड चुकवू नकोस. सगळे उशिरा येतात आणि पहिला बँड पंधरा लोकांसमोर वाजवतो. बऱ्याच ठिकाणी साउंडचेक उलट्या क्रमाने होतो, शेवटी वाजवणाऱ्यांचा आधी आणि पहिल्या बँडचा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्यांचं सामान तसंच लावून ठेवता येतं, पण आधीच्यांचं लांबलं की यांच्या हातात दहा मिनिटं उरतात. आम्ही एकदा चेक न करताच वाजवलंय, पहिली दोन गाणी मला बास ऐकूच येत नव्हता, मी त्याच्या बोटांकडे बघून वाजवलं. तरी तिथेच माणूस शिकतो. बीटल्स लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये, एका तळघरात, १९६१ ते १९६३ मध्ये जवळपास ३०० वेळा वाजले. एवढ्या वेळा त्याच खोलीत त्याच लोकांसमोर उभं राहायचं म्हणजे काय ते आम्हाला महिन्यातून एक कार्यक्रम मिळाला तरी थोडंफार कळतं.

जुना_श्रोता:
एकटीने अवश्य जा गं. वीस वर्षं मी बहुतेक एकटाच जातो आणि अशा ठिकाणी अर्धे लोक एकटेच आलेले असतात, दोन बँडच्या मधल्या वेळात सामान हलवणं चालू असतं तेव्हा शेजारचा आपणहून विचारतो की आधीचे कसे वाटले. परतीची सोय मात्र आधी बघून ठेव, शेवटचा बँड वेळेवर कधीच सुरू होत नाही.

कानांचं ते कुईं हलक्यात घेऊ नकोस. आवाज किती मोठा याइतकंच किती वेळ हेही महत्त्वाचं असतं. ८५ डेसिबलला आठ तास चालतं असं धरलं तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. छोट्या हॉलमध्ये अँपसमोर १०० सहज होतात आणि तू तीन बँड उभी होतीस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक आणलं त्यात सरासरी १०० ची मर्यादा, कानाचे प्लग उपलब्ध ठेवणं आणि कानांना विसावा मिळेल अशी शांत जागा, हे सगळं आहे. आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की माणसाच्या परत येत नाहीत. माझ्या डाव्या कानात आता कायमचा आवाज आहे, रात्री खोली शांत झाली की तो सुरू आहे हे कळतं. मला हे कोणी वेळेवर सांगितलं नाही म्हणून तुला सांगतोय. पुन्हा असं झालं आणि दोन दिवसांत गेलं नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखव.

प्लग घे. स्पंजचे चालतात पण ते वरचे सूर जास्त खातात, गाणं गोधडीखालून आल्यासारखं येतं. संगीतासाठी वेगळे फिल्टरवाले मिळतात, ते सगळंच थोडं थोडं कमी करतात आणि गंमत म्हणजे शब्द जास्त स्पष्ट कळतात. स्पंजचेच घेतलेस तर बोटांनी बारीक वळ, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढ, आत घाल आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेव. नुसते तोंडाशी अडकवून काही उपयोग नाही.

आणि एक मागणं, हळू गाणं चालू असताना मागे उभं राहून गप्पा मारणाऱ्यांतली होऊ नकोस. स्टेजवर सगळं ऐकू जातं.

उशिराची_गाडी:
जाऊन आले!! एकटीच. वेळेच्या आधी पोचले, पहिला बँड मिळून आम्ही अकरा जण होतो, त्यातले चार पुढच्या बँडचे. पहिली दोन गाणी पुढे, मग मिक्सरजवळ गेले आणि खरंच, कोणीतरी खिडकी उघडल्यासारखा गाणाऱ्याचा आवाज समोर आला. फिल्टरवाले प्लग होते. घरी आल्यावर कान शांत.

त्याच बँडने तेच गाणं पुन्हा वाजवलं. मागच्या वेळी जिथे तार तुटली होती ना, तिथे खरं तर एक कडवं आहे, सगळे थांबतात आणि तो नुसता एकटा, गिटारशिवाय चार ओळी म्हणतो. मागच्या वेळी त्यांनी ते गाळून पुढे उचललं होतं आणि आम्हा कोणाला कळलंही नाही. संपल्यावर त्याला जाऊन सांगितलं की मी त्या दिवशी पण होते. तो म्हणाला, तो सेट झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते तिच्या गिटारचा पट्टा कुठल्या भोकात होता ते बघून नीट परत देण्याचं.

डावखुरा_ड्रम:
कडवं गाळलं हे त्या तिघांना एकाच वेळी कळलं, हे मला जास्त भारी वाटतंय. आता पुढच्या वेळी बासवालीकडे बघ, ती कधी मान हलवते ते.