सॅन फ्रान्सिस्को: शाकाहारी आई आणि मासेखाऊ बाबा, एम्बार्काडेरोवर एकत्र कुठे जेवता येईल?

ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला जातोय. राहायला एम्बार्काडेरो या खाडीकाठच्या रस्त्यालगतच्या बार्ट (तिथली लोकल रेल्वे) स्टेशनजवळ घेतलंय, त्यामुळे फेरी बिल्डिंग, म्हणजे बोटींच्या धक्क्यावरचं खाण्याच्या स्टॉलचं मार्केट, अगदी चालण्याच्या अंतरावर आहे. काय काय बघायचं ते ठरलंय, गाडी अडलीय ती जेवणावर.

बाबा पट्टीचे मासे खाणारे. पावाच्या वाटीत वाढलेलं क्लॅम चावडर (शिंपल्यांचं दाट सूप) त्यांना खायचंच आहे. डंजनेस खेकड्याचंही मनात होतं, पण तिथल्या खेकड्यांचा हंगाम जूनअखेर संपतो हे सांगितल्यावर तो हट्ट सोडलाय. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाकीच्यांनी ताटात मासे घेतले तर तिची काही हरकत नसते, पण मग "मला फारशी भूक नाहीये" म्हणते आणि फ्रेंच फ्राइज चघळत बसते. या वेळी मला ते नकोय. पहिल्यांदाच येतेय ती, पाण्याकाठी बसून तिलाही पोटभर, गरम आणि आवडीचं जेवता यायला हवं.

पिअर (धक्का) ३९ आणि फिशरमन्स वार्फ या खाडीकाठच्या पर्यटकी भागातल्या बऱ्याच ठिकाणांचे मेनू चाळले. शाकाहारी म्हणून एखादं सॅलड, एखादा पास्ता. भाज्यांचं सूप दिसलं तरी ते चिकनच्या स्टॉकमध्ये केलंय का, हे मेनूवरून कळत नाही. विचारलं तर वेटर नीट सांगतात का तिथे?

एक जागा मनात भरलीय, फोर्ट मेसनमधलं ग्रीन्स. १९७९पासून चालू आहे, सगळं शाकाहारी, आणि मोठ्या काचांतून गोल्डन गेट ब्रिज दिसतो. एक जेवण बिनमाशाचं चालेल असं बाबांनी कबूल केलंय. खिडकीजवळचं टेबल मिळायला दुपार बरी की संध्याकाळ? बिनअंड्याचं पुरेसं असतं का? एफ लाइनची जुनी ट्राम वार्फलाच संपते, पुढे चढ आहे आणि बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिथून टॅक्सीच करावी लागेल ना?

दुसरी अडचण अल्काट्राझ या जुन्या तुरुंगाच्या बेटावर जायच्या दिवसाची. बोट पिअर ३३वरून सुटते आणि बेटावर खायला काही विकत मिळत नाही. परत येईपर्यंत दोघांनाही कडकडून भूक लागलेली असणार. पिअर ३३च्या आसपास, फार न चालता, दोघांचं भागेल असं काही आहे? की ट्रामने सरळ फेरी बिल्डिंगला यावं? तिथे वेगवेगळे स्टॉल आहेत, म्हणजे ज्याला जे हवं ते घेता येईल, पण निवांत बसायला जागा मिळते का?

शनिवारी सकाळी फेरी बिल्डिंगबाहेरचा शेतकरी बाजार करायचा विचार आहे. फळं आणि ताजा ब्रेड आईला नक्की आवडेल. गर्दी टाळायची तर किती वाजता पोचावं?

दोन गोष्टी आधीच सांगतो. भारतीय रेस्टॉरंट सुचवू नका, ते घराजवळही आहे. आणि खाडीवरचा वारा ऑगस्टमध्येही बोचरा असतो, म्हणून उघड्यावरची टेबलं नकोत, आत बसून पाणी दिसेल असंच सांगा. जेवण चांगलं असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. अलीकडे कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर नेमकं काय मागवलं तेही लिहा, म्हणजे आईला आधीच सांगून ठेवता येईल.