लाइव्ह चॅटमध्ये भेटलेली माणसं: तुमचे अनुभव

शेवग्याची_शेंग
काल भाच्याला चांद्रयान-3 चं उतरणं दाखवायला जुना व्हिडिओ लावला आणि मला आठवलं ते शेजारी धावणारं चॅट! 23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ, इस्रोच्या यूट्यूबवर एका वेळी 80 लाखांच्या आसपास माणसं. एकही ओळ धड वाचता येत नव्हती, तरी लोक आपापल्या गावाचं नाव टाकतच होते. कराड, बीड, म्हापसा. मीही 'मिरज' टाकलं, पापणी लवेपर्यंत वर निघून गेलं. 6 वाजून 4 मिनिटांनी तर नुसते तिरंगे. घरात मी एकटीच होते, पण तसं वाटलं नाही. तुमचंही असं काही असेल तर लिहा.

रात्रपाळी
चांद्रयान-2, सप्टेंबर 2019. स्क्रीनवरचा लँडरचा हिरवा ठिपका ठरलेली रेघ सोडून भरकटला, चंद्रापासून 2.1 किमीवर संपर्क गेला. तोवर चॅटमध्ये जो तो शास्त्रज्ञ. नंतर सगळे गप्प. मग कुणीतरी लिहिलं, "झोपू नका रे, येईल सिग्नल." कोण कुठला माणूस, त्याचं ऐकून बसलो पहाटेपर्यंत.

दुबईची_माई
आमचं चॅट म्हणजे लालबागच्या राजाचं विसर्जन. मोठ्या चॅनेलवर नुसता मोरया मोरयाचा पूर, म्हणून मी एक छोटं चॅनेल धरून ठेवलंय, तिथे ठरलेली मंडळी असतात. 2025 ला भरतीमुळे गिरगाव चौपाटीवर रखडलं ना, रविवारी रात्री झालं. एक काका ओहोटीच्या वेळा टाकत होते, दुसरे ग्रहण लागेल म्हणून घायकुतीला आलेले. जाम जुंपली दोघांची. आणि मी कुकर लावून आले तर दोघंही विचारतायत, माई कुठे गेल्या?

उंटाची_तिरकी_चाल
माई 😂 बुद्धिबळातही तेच. जुलै 2025, जॉर्जियातलं बटूमी, महिला विश्वचषकाची फायनल, दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. कोण वरचढ ते दाखवणारा संगणकाचा बार हलला की खेळाडूंना अक्कल शिकवणारे शंभर. पण दिव्या जिंकून आईच्या गळ्यात पडली तेव्हा नागपूरकरांनी चॅट ताब्यात घेतलं. ऑफिसात होतो, डोळे पुसायला बाथरूम गाठलं.

सदा_घाईत
फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला. 2020 ला वारी नव्हती, पादुका एसटीनं गेल्या. आईला आषाढीची महापूजा मोबाइलवर लावून दिली. चॅटमध्ये कुणी 'माऊली' लिहिलं की ती स्क्रीनला हात जोडायची. वर मला, "अगं उत्तर दे त्यांना, बरं दिसत नाही." किती जणांना देणार! दूध उतू गेलं, येते.

खवचट_खान्देशी
भारत-पाक सामन्याचं चॅट उघडा, मग गोडवे गा. शिव्या, फसव्या लिंका आणि 'कोण कोण 2025 मध्ये बघतंय'. मी चॅट बंद करूनच बघतो.

रात्रपाळी
@खवचट, बंद करून बघता, मग शिव्या कुठे वाचल्या? 😄

खवचट_खान्देशी
पोरगं वाचून दाखवतं.

पुरणपोळी_विथ_दूध
@माई, अवांतर, पण तिकडे उकडीच्या मोदकांना पिठी कुठली वापरता? माझी बहीण शारजात आहे, तिच्या पाऱ्या फाटतात.

दुबईची_माई
विकतची नको. आंबेमोहोर धुऊन सावलीत वाळवायचा, घरीच दळायचा. उकडीत चमचाभर तूप घालायला सांग. मिक्सर कुठला आहे तिच्याकडे?